पेला खाली ठेवता येत नव्हता

...आणि वर मलाच शहाणपण शिकवतात, 'कुरिमोतोसान, तुम्ही सरळ नाही म्हणायचं!' अहो, म्हणणार कसं? तुम्हाला सांगतो, पेला खाली ठेवता येत नव्हता!

मी नागोयाचा. सगळी नोकरी पाणीपट्टीच्या कचेरीत, अर्ज नामंजूर करण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. होणाऱ्या सुनेच्या माहेरी, कोचीला, गेलो तो एकच वाक्य घोकत: 'शुंपेई आमचा एकुलता एक, तो घरजावई होणार नाही, आडनाव आमचंच लावील.' बस्स! पण हामागुचींच्या घरी टेकतोय तोच समोर तबक... तबक कसलं, न्हाणीच्या टबाचं झाकण! त्यात लसूण पेरलेली भाजकी वाम, आणि वाटीत काचेसारखे इवले कच्चे मासे, सगळे डोळे माझ्यावर रोखून!

"हामागुचीसान, शुंपेईबद्दल जरा..."

"आधी खा हो व्याहीबुवा! नागोयाला मिळायचं नाही हे, सकाळपर्यंत पोहत होते!"

गिळले. चांगले लागले हो, हीच पंचाईत! वाईट लागते तर त्या रागात बोलून तरी गेलो असतो!

मग निघाला भोवरा. गाणं म्हणत फिरवायचा, ज्याच्याकडे तोंड करून पडेल त्याने प्यायचं. पडला माझ्याकडेच, परक्या गावचे भोवरेसुद्धा पाहुणा बरोबर हेरतात! पेला म्हणजे लांब नाकाचं राक्षसाचं थोबाड, टेकवला की नाकावर कलंडतो. संपवला. 'शुंपेईबद्दल...' की पुन्हा भोवरा! दुसऱ्या पेल्याला तर खाली भोक, बोटाने दाबून धरायचं! आणि दारू तिथली, मुकाट्याने घशाखाली उतरते आणि मग डोक्यात जाऊन बोलते. मान हलवून नाही म्हणायला गेलो, तर लोकांना वाटलं गाण्यावर डोलतोय! पलीकडे आमची सुमिए विहीणबाईंच्या पेल्याला पेला देत मजेत बसलेली.

"अहो, बोला ना!"

"तूच बोल की!"

"मी? मुलाच्या बापाने बोलायचं असतं!"

एवढ्यात हामागुची उठले, भिंती हादरतील असे गरजले, "आमच्या हामागुची शुंपेईच्या नावाने!" हामागुची शुंपेई! सगळे पेले वर! आता तुम्हीच सांगा, भोकावरचं बोट काढावं तर मुलगा वाचतो, पण दारू सांडते त्यांच्या कोऱ्या चटईवर, लेकीच्या लग्नासाठी मुद्दाम घातलेली, गवताचा वास अजून ताजा! प्यावं तर मुलगा जातो. आणि पेला खाली ठेवता येत नव्हता हो!

...प्यायलो.

टाळ्या! शुंपेई चक्क रडला, म्हणे, "बाबा, तुम्ही नाही म्हणाल अशी धास्ती होती मला!" नाही म्हणायलाच तर आलो होतो रे गाढवा... पण आता कुठल्या तोंडाने सांगू?

निघताना हामागुचींनी पाठीत थाप घातली. "व्याहीबुवा, मानलं! एक थेंब सांडला नाही!"

खरंय. मुलगा देऊन आलो, पण थेंब नाही सांडला.