दुसरा टप्पा

...आणि वर टेनिसचे मास्तर म्हणतात, तुम्ही चाकाच्या खुर्चीतून खेळणार, तुम्हाला चेंडूचे दोन टप्पे पडले तरी चालतील. का? उभ्याने खेळणाऱ्यांना एक आणि आम्हाला दोन? मी म्हटलं, मास्तर, पाय गेलाय, लाज गेलेली नाही. सवलत मला नको.

तुम्हाला सांगतो, जन्मभर बस चालवली. साखरेने उजवा पाय नेला, म्हणजे नेमका ब्रेकचा. नेला तर नेला. पण घरी आल्यापासून जो तो एकच बोलतो. बायको म्हणते, "आराम करा." मुलगी फोनवर, "बाबा, आराम करा हं." शेजारचा वकील जिन्यात गाठून, "काका, आता आराम." इतकी वर्षं कोणी म्हटलं नाही, आता सगळ्यांना एकदम आठवलं? मागच्या खोलीत खाट टाकली, खिडकीला पडदा लावला, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला... मी खोली बघितली आणि ओळखलं, इथून पुढची गाडी एकाच ठिकाणी जाते.

म्हणून दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाई टेनिस म्हणाल्या, तेव्हा हो म्हटलं. टेनिस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिथे खाट नसते, एवढं पुरे होतं.

तर ती खुर्ची. चाकं खाली फाकलेली, ब्रेकचा पत्ता नाही. मास्तर म्हणतात, "हातानेच थांबवायची." आणि ज्या हातात रॅकेट त्याच हाताने चाकही फिरवायचं. म्हणजे जेवता जेवता हात धुवायचे.

समोर शिवणकाम करणाऱ्या एक बाई. लहानपणापासून खुर्चीत. चेंडू आला की दोन टप्पे पडू द्यायच्या आणि सुईत दोरा ओवावा तसा निवांत मारायच्या. मी पहिल्याच टप्प्यावर झडप घालायचो. चेंडू कुंपणाबाहेर. बाई म्हणाल्या, "काका, पळून जात नाही तो. थांबा."

आता थांबा म्हटलं की ड्रायव्हरचा पाय आपोआप दाबला जातो. माझाही दाबला गेला. नसलेला. खुर्ची सरळ जाळीत. बाई विचारतात कशा, "काका, इथेच उतरायचंय का?"

मग मास्तरांनी सांगितलं, बाहेरगावी स्पर्धा आहे, बाईंच्या जोडीला एक जागा आहे. "रविवारी यांच्याविरुद्ध एक गेम जिंका, जागा तुमची. नाही जिंकलात तर पुढच्या वर्षी बघू. तोवर आराम करा."

तोवर आराम. म्हणजे खाट, पडदा, तांब्या. पण सवलत मला नको, हे मी तेव्हाही सांगितलं.

रविवारी बायको आली, बाकावर बसली. मला घरी न्यायलाच आली होती, चेहऱ्यावरून कळत होतं. मी हरत होतो. एकाच टप्प्यावर, मानाने हरत होतो. शेवटचा गेम कसाबसा बरोबरीत आला, मास्तर म्हणाले, आता एका चेंडूवर निकाल. बाईंनी चेंडू उंच टाकला. पहिला टप्पा रेषेच्या आतच, पण माझ्यापासून लांब पडला. मी खुर्ची पिटाळली, हात वर केला, आणि मागून बायको... संसारात जिने कधी आवाज चढवला नाही ती... "अहो, थांबा ना, अजून एक पडतोय."

दोन्ही हातांनी चाकं धरली. तळव्यांची सालटी निघाली. खुर्ची थांबली. चेंडू दुसऱ्यांदा पडला आणि हळूच वर आला, धावत येऊन पायरीवर चढणाऱ्या शेवटच्या प्रवाशासारखा. मारला. बाई बघत राहिल्या.

मास्तर हसून म्हणाले, "घेतलीत ना सवलत?"

मी म्हटलं, सवलत कसली? नियम आहे.

जागा मिळाली. आता रोज सकाळी शेजारून बाई ओरडतात, थांबा. बाकावरून ही ओरडते, थांबा. मी थांबतो. हरलो की दोघी माझ्याकडे बघतात. जिंकलो की एकमेकींकडे.