कार्डावरची लाल ओळ

सिस्टर : मावशी, बाहेर थांबा म्हटलं ना.

आई : थांबते. पण हिच्या नळीतून नुसतं सलाईनच चाललंय. औषध कधी सोडणार?

सिस्टर : किती वेळा सांगू? नवव्या महिन्यातल्या तपासणीत हिला जंतू सापडलेत. हिला त्यांचा काही त्रास नाही, पण बाळ बाहेर येताना त्याला लागण झाली तर जिवावर बेततं. म्हणून जन्माच्या आधी चार तास तरी औषध सुरू हवं. आणि नेमकं पेनिसिलीन हिला चालत नाही. कार्डावर लाल शाईत लिहिलंय. दुसऱ्या औषधाला हे जंतू दाद देत नाहीत, तिसरं मागवलंय.

आई : किती वेळ?

सिस्टर : दोन तास. कदाचित तीन.

मुलगी : आई, कळा फार जवळ जवळ येतायत गं.

आई : सिस्टर, पेनिसिलीनच द्या.

सिस्टर : काहीतरीच काय! श्वास अडकला तर?

आई : नाही अडकणार. तिला ते चालतं.

सिस्टर : म्हणजे?

आई : सात वर्षांची होती. घसा सुजलेला, रोज पेनिसिलीनचं एक इंजेक्शन. दोन झाली, काही झालं नाही. तिसऱ्याला ही दवाखान्यातल्या खाटेखाली घुसली, काही केल्या निघेना. मला बघवेना. मी डॉक्टरांना सांगितलं, अंगावर पुरळ उठतं. त्यांनी गोळ्या दिल्या.

सिस्टर : आणि पुरळ?

आई : कसलं पुरळ. साधा डाससुद्धा चावला नव्हता.

मुलगी : आई, शाळेच्या फॉर्मपासून मी तेच लिहीत आलेय.

आई : कितीदा ओठांवर आलं. मग म्हटलं, कुणाचं काय अडलंय.

सिस्टर : मावशी, आज घाबरून तर खोटं बोलत नाही ना?

आई : घाबरून बोलले ते तेव्हा. डॉक्टरांना बोलवा, त्यांच्यासमोर सांगते. सही करून देते.

(सिस्टर जाते. डॉक्टर येऊन आईला खोदून खोदून विचारतात. मग सिस्टर ट्रे घेऊन येते.)

सिस्टर : आधी अगदी थोडं देऊन बघायचंय. डॉक्टर दारातच आहेत, मीही हलत नाही. खाजलं, घसा आवळला, की लगेच सांगायचं. कळलं?

मुलगी : हो. आई, तू कुठे निघालीस?

आई : बाहेर बसते. कुठल्या तोंडानं थांबू इथे?

मुलगी : आहे त्याच तोंडानं. ये, हात धर. तेव्हा धरायचा राहिला होता.