दिल्लीच्या धुक्यात पुढं कोण

(बजाजनगरातल्या दोन खोल्यांत दिल्लीला फिरायला जायची बॅग भरणं चाललंय. सूर्यभान आणि बानाबाई हे नवरा-बायको, योगिनी त्यांची सून. मुलगा अंगद कंपनीत ड्युटीवर.)

बानाबाई : आवं, म्या बॅगेत घातलेलं स्वेटर तुम्ही परत बाहीर काढलं व्हय?

सूर्यभान : मला नाय लागत. आख्खा पूस म्हयना म्या उघड्या रानात काढायचो.

बानाबाई : शंभर मेंढ्यांच्या मधी निजून काढायचे. ऊब त्यांची अन् रुबाब तुमचा.

योगिनी : मामा, तिथली थंडी वेगळी असते. दोन स्वेटर, कानटोपी, हातमोजे, आतून घालायचं थर्मल, सगळं न्यायचंय.

सूर्यभान : एवढं घातल्यावर माणूस हालंल कसा? कातरायला आलेल्या मेंढीवानी दिसंन म्या.

बानाबाई : आता काय लई येगळे दिसता?

सूर्यभान : बघ पोरी, तुझी आत्या. बरं, पाण्याचे कॅन किती घेतले?

योगिनी : कॅन कशाला मामा? तिथं नळाला रोज पाणी येतं.

सूर्यभान : रोज? मग दिल्लीवाल्या बायांना दिवसभर काम काय?

बानाबाई : नवऱ्यानं काढलेलं परत बॅगेत घालायचं. हे फडक्यात काय गुंडाळलंय? आगं योगिनी, बघ. घंटी! कळपाच्या पुढं चालणाऱ्या बोकडाच्या गळ्यातली. दुष्काळात मेंढ्या विकल्या, ही तेवढी ठेवली यांनी.

सूर्यभान : अंगद म्हणला, तिथं धुक्यात बाजूचं माणूस दिसत नाय. धुक्यात कळप आवाजावर सांभाळावा लागतो.

योगिनी : मोबाइल आहेत की सगळ्यांकडं.

सूर्यभान : मोबाइल उचलावा लागतो. घंटी आपोआप वाजती.

बानाबाई : अन् बांधायची कुणाच्या गळ्यात? माझ्याकडं बघू नका. तुझ्या नवऱ्याला बांधू गं योगिनी, वाजत हिंडंल लाल किल्ल्यात.

योगिनी : आत्या, हसवू नका. बॅगेची चेन लागंना मला.

सूर्यभान : हसा. म्या येतच नाय. तुम्ही तिघं जा. घर राखायला कुणी तरी पायजे.

बानाबाई : या दोन खोल्यांत राखायचं काय? कवा गारठा, कवा गुडघा, कवा घर. तिकीट काढल्यापासून हेच चाललंय तुमचं. दर हिवाळ्याला तुम्ही मेंढ्यांमागं मुलूख फिरले. म्या देवगावात लेकरं अन् सासू सांभाळत बसले. मला तुमच्यासंगं कुठं तरी जायचंय. एवढं एकदाच मागते.

सूर्यभान : मला तिथला रस्ता ठावा नाय, अंगदची माय. रानात कुठं पाणी, कुठं निवारा, समदं ठावं व्हतं. समदे माझ्यामागं यायचे. तिथं म्याच चुकलो तर? भ्या वाटतंय मला.

योगिनी : मामा, आम्ही आहोत ना.

बानाबाई : थांब गं. आवं, मंग ही घंटी आमच्यासाठी नव्हतीच म्हणा की.

सूर्यभान : घंटी पुढच्यासाठी नसतीच. मागं राहणाऱ्याला ऐकू यावी म्हणून असती.

बानाबाई : आणा इकडं. माझ्या पिशवीच्या बंदाला बांधते. लोकं हसतील तर हसू द्या.

सूर्यभान : म्हंजी तू पुढं चालणार?

बानाबाई : व्हय. अन् मागनं हाकायचं नाय. निस्तं यायचं.