दाण्यावर पाणी

(१९५१. ग्वाल्हेर, शिंदे की छावनी. मोडलेल्या रिसाल्याच्या (घोडदळाच्या) लाइनीतलं एक सरकारी घर. अंगणात कोंबडीची डालगी.)

सुमनताई : हे आणखी एक पिल्लू. तुमच्या पायापाशीच पडलंय, बघा.

सूर्याजी : दिसतंय मला. हात लावू नकोस.

सुमनताई : हात लावून आता काय बिघडणार आहे? थंड झालंय. काल दिवसभर कोंबडीच्या पंखाखाली बसून नुसती मान झटकत होतं.

सूर्याजी : अंडीच खराब निघाली. पडावच्या रेल्वे स्टेशनातल्या त्या बंगाली गार्डबाबूची बदली झाली, जाता जाता हाताला लागली ती बदकांची अंडी गळ्यात मारली त्यानं.

सुमनताई : अंड्यांतून सगळी धडधाकट निघाली. दोन दिवस अंगणभर दुडदुडत होती. तेव्हा सगळ्या लाइनीला बोलावून दाखवलीत, दफेदार सूर्याजींची नवी पलटण म्हणून.

सूर्याजी : टोमणे पुरेत. मी काय कमी केलं? पहाटे उठून बाजरीच्या कण्या निवडतो. आधी पाणी पाजतो, मग वाटी उचलतो, मग दाणा टाकतो. उभा जन्म पायगेत घोडे असेच पोसले. दाण्यावर पाणी पडलं की घोडा पोटाच्या कळेनं लोळतो. माझ्या हातचा एकही घोडा तसा गेला नाही.

सुमनताई : ते घोडे होते.

सूर्याजी : पोट ते पोटच.

सुमनताई : मग याचं चाचपून बघा की. पाठीला लागलंय. चोच उघडा जरा.

सूर्याजी : कण्या आहेत. घशात गोळा झालाय.

सुमनताई : कोरडा गोळा. त्यांना घासागणिक पाणी लागतं. दाणा घेतला की पाण्यात चोच घालतात, तेव्हा कुठे तो खाली उतरतो. तुम्ही वाटी उचलत होतात आणि ती दाण्यासमोर उपाशी मरत होती.

सूर्याजी : हे तुला कुणी सांगितलं?

सुमनताई : कुणी नाही. परवा एक पिल्लू मोरीत घसरलं. खरकटं पाणी साचलं होतं, त्यात भाताची शितं. एक शीत, एक चोच पाणी, असं करत पोटभर जेवलं.

सूर्याजी : ते? ते मांजरानं नेलं म्हणालीस तू.

सुमनताई : म्हणाले.

सूर्याजी : परवा निम्मी जिवंत होती.

सुमनताई : हो.

सूर्याजी : आणि तू तोंड उघडलं नाहीस.

सुमनताई : पहिल्या दिवशी उघडलं होतं. मी पाण्याची वाटी परत ठेवली, ती तुम्ही भिंतीवर भिरकावलीत. वर चार लोकांसमोर म्हणालात, पायगेच्या कामात बायकांची दखल बिलकुल नको.

सूर्याजी : म्हणून मरू दिलीस? त्या रागानं?

सुमनताई : नुसता राग असता तर मला एवढं लागलं नसतं. तुम्ही माझ्या मानसिंगदादाला शब्द दिला होता, बदकं जगली नाहीत तर त्यानं बघून दिलेली मिलच्या गेटावरची चौकीदारी धरीन. गेटाला लागून खोली मिळते. ही लाइन दसऱ्याच्या आत खाली करायची आहे. मी चूल कुठे मांडू, पडावच्या फलाटावर?

सूर्याजी : सरळ म्हणायचं होतंस.

सुमनताई : रोज म्हणत होते. तुमचं एकच, बदकं मोठी होतील, स्टेशनच्या हॉटेलांना अंडी देऊ, कुणाला सलाम करायला नको. रियासत गेली, रिसाला मोडला, तुमचा बिगुल काही थांबला नाही. शेवटी गप्प बसले. जीव जळत होता माझा, तरी बसले.

सूर्याजी : तुमच्या खानदानातच आहे हे. नव्या फौजेसाठी निवड झाली, तेव्हा माझं नाव कटलंय हे तुझ्या दादाला आदल्या दिवशीच ठाऊक होतं. त्याचं नाव आलं होतं, म्हणून तो गप्प. मी सकाळी बूट चमकवून रांगेत उभा राहिलो. सगळ्यांसमोर बाजूला काढलं मला.

सुमनताई : दादाचं मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ.

सूर्याजी : बदकांचं तर होतं.

सुमनताई : होतं.

सूर्याजी : ते एक कुठे आहे?

सुमनताई : आत, बाजेखाली. परातीत पाणी घालून ठेवलंय.

सूर्याजी : माझ्यापासून लपवून.

सुमनताई : तुमच्यापासूनच.

सूर्याजी : आण बाहेर. मारत नाही मी त्याला.

सुमनताई : हे घ्या. परात हळू ठेवा, हिंदकळतं पाणी. आता कण्या टाका शेजारी.

सूर्याजी : खातंय.

सुमनताई : हो.

सूर्याजी : दादाला निरोप धाड, सकाळी गेटावर येतो म्हणून. तिथे माझ्याच हाताखालचा बारगीर चौकीदारांचा जमादार झालाय, त्याला सलाम ठोकीन. तुला पाहिजे होतं ते झालं. पण त्या खोलीत मी तुझ्याशी बोलेन, असं समजू नकोस.

सुमनताई : नका बोलू. डोक्यावर छप्पर तर असेल.

सूर्याजी : आणि मी ड्यूटीवर असताना याच्यापुढचं पाणी उचलू नकोस.

सुमनताई : उचलत मी नव्हते.