भोपळ्याच्या फोडी

(दुपारचं स्वयंपाकघर. सून, सासरे आणि उंच खुर्चीत आठ महिन्यांची ठकी.)

सून : मग हे लाळेऱ्यावर काय आहे, बाबा? वाटीत मी भोपळा दिला होता. हा तर बिस्किटाचा चुरा!

सासरे : भोपळा नको म्हणाली ती.

सून : म्हणाली? ठकी?

सासरे : तोंड फिरवलं, म्हणजे तेच की. मीठ नाही, साखर नाही. अगं, हे जेवण आहे की शिक्षा?

सून : वर्षाची होईपर्यंत शिक्षाच समजा. आता माझ्या हातचा घासही थुंकते. त्या क्रीमच्या गोडापुढे भोपळ्याला कोण विचारतंय!

सासरे : तुझा नवरा बिस्किटांवरच वाढला. झाला ना ताडमाड?

सून : झाला. आणि दातांच्या डॉक्टरांचं घरही चालवलं. हसू नका, बाबा. सोमवारपासून मी कामावर. दिवसभर ही तुमच्याजवळ. माझ्या जिवाला घोर नको.

सासरे : उद्यापासून पुडा बंद.

सून : हे काल झालं बोलून. आता माझ्यासमोर भरवा. हा घ्या चमचा.

सासरे : पोट भरलंय तिचं. तूच भरव, मी बघतो.

सून : नाही, तुम्हीच. दोनच घास... अरे, सांडलं. असू दे, पुन्हा... बाबा? हात का थरथरतोय?

सासरे : थंडी वाजतेय जरा.

सून : एवढ्या उकाड्यात? म्हणून हल्ली चहा अर्धाच कप मागता?

सासरे : भरलेला कप ओठांपर्यंत पोचत नाही गं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पट्टी न लावता रेघ ओढायचो. आता चमचा तोंड सोडून हिच्या नाकाला जातो. परवा हिरडीला लागला, केवढी रडली! बिस्कीट आपलं आपण धरते, म्हणून...

सून : मग सांगायचं नाही का?

सासरे : सांगितलं की तुम्ही तिला पाळणाघरात ठेवणार. चूक नाही म्हणा तुमची. पण मग मी दिवसभर भिंतींशी बोलू? तुझ्या नवऱ्याला नको सांगूस.

सून : सांगणार. डॉक्टरांकडेही जायचं, तिथे तुमचं काही चालणार नाही. पण चमच्यावाचून कुणाचं अडलंय? थांबा, पातेल्यात अजून भोपळा आहे. बोटाएवढ्या फोडी करते... ही दाबून बघा.

सासरे : लोणी झालं की!

सून : एवढीच मऊ हवी, नाहीतर घशात अडकेल. आधी दाबून बघायची, मगच द्यायची. आणि ती खात असताना समोरून हलायचं नाही, फोन वाजला तरी.

सासरे : मला कोण करतंय फोन! पण ही हलती फोड ती धरेल?

सून : तळहातावर ठेवा आणि करा पुढे.

सासरे : ए ठकूबाई, ही बघ... हुकली. परत ये... अगं, हसतेय! खेळ वाटतोय तिला.

सून : धरली, धरली. गेली तोंडात.

सासरे : थुंकली.

सून : थुंकू दे. पुन्हा पुढे करायची. बळजबरी नाही आणि बिस्कीटही नाही.

सासरे : दुसरी उचलली... चोखतेय... सूनबाई, गिळली!

सून : दिसलं मला. सोमवारी निघण्याआधी फोडी उकडून ठेवेन.

सासरे : म्हणजे माझ्याजवळच?

सून : मग कुणाजवळ? त्याला समजवायचं माझ्याकडे लागलं.

सासरे : अगं, फोड कधीच संपली. माझं बोट सोडत नाही ही.

सून : बसा मग तसेच. खाली सांडलेलं मी पुसून घेते.