फुलनबाईला न विचारलेला प्रश्न

मला वाटलं होतं, इंग्लंडमधून शिकून गोंदियाजवळच्या सालेकशाला परतले की तिथल्यासारखा इथेही फार्मासिस्टला औषध लिहून देण्याचा हक्क मिळावा म्हणून भांडावं लागेल. इथे बघते तर मामांच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी कुणी मागतच नव्हतं. लोक दुखण्याचा डोस मागायचे आणि मामा तीन-चार गोळ्या पुडीत बांधून द्यायचे. मी पहिल्याच दिवशी ते बंद केलं.

तेवढ्यात फुलनबाई आली. "गुडघे दुखून राहिले, माय. डोस देऊन दे. उद्या तेंदूपत्ता तोडाले जायचं हाय."

"डॉक्टरची चिठ्ठी आणा, काकी."

"एवढी शिकून आली न् गोळी देता येत नाही? कायले शिकली मंग?"

मी तिला कायदा समजावला. ती हसत निघून गेली.

दोन दिवसांनी तिची सून आली. बाजारातून आणलेल्या तसल्याच दुखण्याच्या गोळ्या खाऊन फुलनबाईला रक्ताची उलटी झाली होती, गोंदियाला भरती केलं होतं.

"पोट तर तिचं महिनाभरापासून जळून राहिलं होतं," सून म्हणाली. "तुमी विचारलं असतं, तं सांगितलं असतं तिनं."

औषध लिहिण्याआधी विचारायचं असतं, हेच तर मी तिकडे शिकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काउंटरपाशी खुर्ची ठेवली. चिठ्ठीशिवाय गोळी नाहीच, पण बसवून विचारपूस केल्याशिवाय कुणाला परत पाठवायचंही नाही, असं ठरवलं.