ताईंसाठी बंद ठेवलेलं कोर्ट

जमलेल्या वकील मंडळींनो, ताईंच्या घरच्यांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या आयाबायांनो. पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत, बसून घ्या. आज तुम्हाला इथून कुणी उठवणार नाही.

मी आपल्या वकील संघाचा सचिव. बोलायची मला सवय आहे. माईक हातात आला की हा सोडत नाही, असं तुम्हीच म्हणता. पण आजचं बोलणं सवयीचं नाही. कुमुदताईंना काल आपण पोचवून आलो. आज मी त्यांचा ज्युनिअर म्हणून उभा आहे का त्यांचा अपराधी म्हणून, माझं मलाच कळंना झालंय.

ताईंचं काम तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो. सुरुवात शहागंजातल्या दुकानांच्या भांडणांपासून. घरमालक, भाडेकरू, दावे, अपिलं. प्रॅक्टिस लई चांगली चालली होती. मग एकदा एका अशिलाला भेटायला जेलात गेल्या, आणि तिथं त्यांना जामीन मंजूर होऊनही आतच बसलेली माणसं दिसली. जामीनदार नाही म्हणून बसलेली. कोर्टात त्यांच्यासाठी कुणी उभं राहिलं नाही म्हणून बसलेली. तिथून बाई बदलल्या. शनिवारी जेल, रविवारी पडेगावची वस्ती. तिथं ओट्यावर बसून बायांना सांगायच्या, पोलिसांनी पोराला उचललं तर काय विचारायचं, कुणाकडं जायचं. मला पण न्यायच्या. मी कुरकुर करायचो, ताई, एक रविवार तरी झोपू द्या. त्या म्हणायच्या, झोप की, रिक्षात झोप.

आता जे बोलायचंय ते बोलतो.

आपल्यातला वकील गेला की दुपारनंतर कामकाज बंद ठेवायची, कुणीच कोर्टात उभं राहायचं नाही, ही आपली रीत. ताईंना ती कधीच पटली नाही. शोकसभेला त्या कायम उशिरा यायच्या. आधी जजसाहेबांच्या चेंबरमध्ये जाऊन कुणाच्या तरी जामिनाचे कागद पुरे करायच्या, मग यायच्या. आणि आपण काय म्हणायचो? बाईला काळीज नाही. मी पण म्हणालो, मंडळी. तोंडावर म्हणालो. त्या चिडल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, "अरे, जो गेला तो तर सुटला. आतल्याला मी काय सांगू? वकील मेला, तू थांब?"

आणि मी काय केलं? आज सकाळी बंदचा ठराव मीच लिहिला. ताईंच्याच नावानं. तुम्ही सह्या केल्या. एकानंही विचारलं नाही, की ताईंना हे चाललं असतं का.

दुपारी कोर्टाच्या पायऱ्यांवर एक माउली भेटली. लासूर स्टेशनहून आलेली, सोबत तिचा भाऊ. तिच्या पोराचा जामीन ताईंनीच मंजूर करून घेतला होता, पण जामीनदार मिळत नव्हता. शेवटी हा मामा तयार झाला. शेताचा सातबारा घेऊन आज आला. नंबर पुकारला तेव्हा त्यांच्या बाजूनं वकीलच उभा नव्हता. पुढची तारीख पडली, ती सुट्ट्यांनंतरची. मला बघून माउली म्हणाली, साहेब, आज समदे काळे कोट बाहीर कामून? मी सांगितलं, कुमुदताई गेल्या. तिला ठाऊकच नव्हतं. तिथंच पायरीवर बसली. लई रडली. मग पदरानं तोंड पुसून मला म्हणाली, "ताई गेल्या म्हून माझ्या लेकराला आजून आत ठिवता व्हय?"

 

मी म्हणालो, सभा होऊ द्या, मग बघू. बघू. आणि वर येऊन या खुर्चीत बसलो. भाषणं ऐकली. ताईंना कुणी त्यागमूर्ती म्हणालं, कुणी दीनांची माउली म्हणालं, मी मान डोलावली. शरम वाटते, मंडळी. ताईंच्या हाताखाली इतकी वर्षं काढून मी हेच शिकलो का? ती दोघं तिथं मागच्या दाराशी उभी आहेत. मघापासून मला तिकडं बघवत नाही.

जजसाहेब अजून चेंबरमध्ये आहेत, मी शिपायाला विचारलंय. कागद आत्ता पुरे झाले तरी सुटकेचा हुकूम संध्याकाळी जेलची दारं बंद व्हायच्या आत तिथं पोचंल का, सांगता येत नाही. उद्यापासून सुट्ट्या, नाही पोचला तर ते पोरगं आणखी काही दिवस आत काढील, आणि ते माझ्या सहीमुळं.

शेवटी दोन मिनिटं मौन मागायचं काम माझ्याकडं दिलंय. ते अध्यक्षांनी मागावं. मला ते मागायचं तोंड नाही. ज्यांची जामिनाची कामं आज बंदमुळं लांबली, त्यांनी माझ्याबरोबर खाली जजसाहेबांकडं यावं.

ताई, तुम्हाला नमस्कार करतो. माफ करा म्हणायला नंतर येईन.

मामा, सातबारा काढून हातात ठेवा. माउली, चला.